दाणा, कडबा आणि कार्बनचे चार बंध

लातूरला नीटची तयारी करणाऱ्या, मूळच्या बीड जिल्ह्यातल्या एका विद्यार्थ्याने दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा: ‘कार्बन चतुःसंयुजी आहे, म्हणून सजीवांचे रेणू कार्बनचे’ असे पुस्तकात एका वाक्यात लिहिले आहे, पण सिलिकॉनही चतुःसंयुजी आहे आणि जमिनीत तो कार्बनपेक्षा कितीतरी जास्त आहे, मग जीवसृष्टी त्याच्यावर का उभी राहिली नाही? दुसरा असा: स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले असतील, तर माणसाने भाकरी खायची आणि बैलाने कडबा, हा फरक नेमका कुठून येतो?

मी परभणीत तीसेक वर्षे कार्बनी रसायनशास्त्र शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे माती तपासण्याचे कामही केले. दोन्ही प्रश्न वर्गात वेगवेगळ्या धड्यांत विचारले जातात, पण माझ्या मते त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. ‘चतुःसंयुजी’, म्हणजे चार बंध करू शकणारा, ‘चार हातांचा’, एवढे उत्तर अपुरे आहे, ही शंका अगदी रास्त आहे. आवर्तसारणीच्या त्याच स्तंभात सिलिकॉन, जर्मेनियम, कथिल आणि शिसे आहेत आणि त्यांनाही बाहेरच्या कवचात चारच इलेक्ट्रॉन आहेत. तेव्हा बंध किती हे मोजून भागत नाही. ते किती घट्ट आहेत, कोणत्या दिशेला आहेत आणि उघडायचे झाले तर कोणत्या ठिकाणी उघडतात, हे पाहावे लागते.

आधी घट्टपणा पाहू. कार्बन–कार्बन एकेरी बंध तोडायला सुमारे ३४७ किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा लागते, कार्बन–ऑक्सिजनला सुमारे ३५८, कार्बन–नायट्रोजनला ३०५ आणि कार्बन–हायड्रोजनला ४१३. हे आकडे एकमेकांच्या जवळपासचे आहेत, आणि त्यातच मोठी गोष्ट आहे. कार्बनला स्वतःच्या भाईबंदांशी जोडून राहणे जेवढे परवडते, जवळपास तेवढेच ऑक्सिजनशी किंवा नायट्रोजनशी जोडणे परवडते. त्यामुळे एकाच साखळीत तो या सगळ्यांना हव्या त्या क्रमाने बसवू शकतो. सिलिकॉनचे तसे नाही. सिलिकॉन–सिलिकॉन बंध सुमारे २२५ किलोज्यूलचा, तर सिलिकॉन–ऑक्सिजन बंध सुमारे ४५० किलोज्यूलचा, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ज्याला एकाच सोयऱ्याकडे एवढी ओढ आहे, तो ऑक्सिजन दिसला की आपली साखळी सोडून तिकडे जाणारच. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्याही लांब साखळ्या होत नाहीत, कारण त्यांच्या अणूंवर न जोडलेल्या इलेक्ट्रॉनजोड्या असतात, त्या शेजारच्या अणूवरच्या जोड्यांना रेटतात आणि बंध कमकुवत करतात. नायट्रोजन–नायट्रोजन एकेरी बंध जेमतेम १६० किलोज्यूलचा आणि ऑक्सिजन–ऑक्सिजन त्याहूनही कमी.

साखळी लांबवता आली की रचनांची संख्या किती वाढते, याचा अंदाज सहसा येत नाही. नुसता कार्बन आणि हायड्रोजन घेऊन, फक्त एकेरी बंधांनी, दहा कार्बनची साखळी वेगवेगळ्या फांद्या फोडून ७५ प्रकारे रचता येते. वीस कार्बन घेतले तर ती संख्या ३,६६,३१९ होते. यात ऑक्सिजन, नायट्रोजन, दुहेरी बंध किंवा वलये अजून आलेलीच नाहीत.

पण घट्टपणाबद्दल बहुतेकांचा एक गैरसमज असतो आणि तो दूर केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शेतातली कडब्याची गंजी डोळ्यांसमोर आणा. ती वर्षभर उन्हात, वाऱ्यात, भोवती एकवीस टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेत उभी असते. ऊर्जेच्या हिशेबाने पाहिले तर तिचे खरे स्थैर्य जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होण्यात आहे. कार्बन डायऑक्साइडमधला प्रत्येक कार्बन–ऑक्सिजन दुहेरी बंध सुमारे ८०० किलोज्यूलचा आहे. मग ती आपोआप पेट का घेत नाही? कारण जळण्याच्या वाटेवर एक उंच उंबरठा आहे आणि तो ओलांडायला ठिणगी लागते. कार्बनचे चार बंध पूर्ण झाले की त्याच्या बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन बसतात. न जोडलेली जोडी उरत नाही, आणि बाहेरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनजोडीला शिरायला सोयीची रिकामी कक्षाही उरत नाही. पाण्याच्या किंवा ऑक्सिजनच्या रेणूला त्या अणूवर हात ठेवायला जागाच मिळत नाही. अर्धे श्रेय ऑक्सिजनलाही द्यायला हवे: त्याच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकेकटे आणि समांतर फिरकीचे असतात, आणि जोडीने नांदणाऱ्या इलेक्ट्रॉनांशी त्याचे सहजासहजी जमत नाही. थोडक्यात, गंजी टिकते ती उतारावरच्या दगडामागे लावलेल्या पाचरीमुळे.

आता मिथेन आणि त्याचा सिलिकॉनचा भाऊ सिलेन शेजारी ठेवू. मिथेनमध्ये एका कार्बनला चार हायड्रोजन आहेत, सिलेनमध्ये एका सिलिकॉनला चार. मिथेन गोबरगॅसच्या नळीतून येतो आणि काडी ओढेपर्यंत हवेत निमूट मिसळत राहतो. सिलेन हवा लागताच स्वतःहून पेटतो. सिलिकॉनचा अणू मोठा आहे, त्याचे बंध लांब आणि सैल आहेत, आणि बाहेरच्या जोडीला स्वीकारायला त्याच्याकडे जागा आहे, म्हणून पाणी आणि ऑक्सिजन त्याच्यावर सहज चाल करतात. जिथे पाणीही आहे आणि हवाही आहे, अशा पृथ्वीवर सिलिकॉनच्या साखळ्यांना पाचरच लावता येत नाही.

मग सिलिकॉन शेवटी कुठे जातो? ते आपल्या पायाखालीच आहे. मराठवाडा ज्या काळ्या पाषाणावर वसला आहे, त्या बेसाल्टच्या वजनातला जवळपास निम्मा भाग सिलिका आहे. वेरूळचे कैलास लेणे कोरले ते याच दगडात. बांधावर सापडणारी गारगोटी तर बहुतेक शुद्ध सिलिकाच. भूकवचात वजनाने सुमारे २८ टक्के सिलिकॉन आहे, आणि कार्बन एक टक्क्याचा लहानसा अंशच. तरी आपल्या शरीराच्या वजनात कार्बन सुमारे १८ टक्के आहे. जिवाने विपुलता पाहून मूलद्रव्य निवडलेले नाही, हे यावरून उघड आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन ऑक्सिजनशी दुहेरी बंध करतो, त्यामुळे प्रत्येक रेणू सुटा राहतो. तो वायू असतो, पाण्यात विरघळतो, ज्वारीच्या पानाच्या रंध्रातून आत जातो आणि आपल्या श्वासातून बाहेर पडतो. सिलिकॉनचा अणू मोठा असल्यामुळे असा दुहेरी बंध त्याला नीट जमत नाही. तो चार ऑक्सिजनना एकेरी बंधांनी धरतो, ते ऑक्सिजन पुढच्या सिलिकॉनना धरतात, आणि सगळे मिळून एकच अखंड जाळे होते, जे वितळवायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. ज्या प्राण्याला श्वासागणिक गारगोटी बाहेर टाकावी लागेल, त्याची कल्पना करून पाहा.

दुसरा प्रश्न मात्र दिशेचा आहे, आणि मला स्वतःला हा भाग अधिक प्रिय आहे. कार्बनचे चार एकेरी बंध कागदावर काढतो तसे अधिक चिन्हाच्या आकारात नसतात. ते एका चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे जातात आणि कोणत्याही दोन बंधांमध्ये सुमारे १०९.५ अंशांचा कोन असतो. १८७४ मध्ये व्हॅन्ट हॉफ आणि ल बेल या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे मांडले. तेव्हा अणूचा अंतर्भाग कोणी पाहिलेला नव्हता. बंध दिशेने पक्के आहेत म्हणूनच रेणूला आकार येतो. शिकवताना मी चार काड्या आणि मळलेल्या कणकेचा गोळा वापरत असे, कारण फळ्यावर हा कोन दाखवताच येत नाही.

ग्लुकोजचे सहा बाजूंचे वलय याच कोनामुळे फारसे ताणले न जाता बनते. ते सपाट नसते. खुर्चीसारखे दुमडलेले असते, आणि वलयातल्या प्रत्येक कार्बनला दोन बंध बाहेरच्या बाजूला उरतात: एक वर किंवा खाली उभा, दुसरा कडेला आडवा. ग्लुकोजचे वैशिष्ट्य असे की त्याच्या बीटा रूपात सगळे जाडजूड गट आडवे, म्हणजे मोकळ्या जागेत, येतात. हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटांच्या दिशा बदलून त्याच सूत्राच्या, सहा कार्बन आणि अल्डिहाइड गट असलेल्या एकूण १६ शर्करा होतात, आणि त्यांत एवढी ऐसपैस बसलेली ग्लुकोजच आहे. अल्फा रूपात फक्त एक गट, पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल, आडव्याऐवजी उभा असतो. पाण्यात ही दोन रूपे एकमेकांत बदलत राहतात, साधारण ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा.

सगळा खेळ या एका गटाचा आहे. वनस्पतीने अल्फा रूपातला पहिला कार्बन पुढच्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनशी जोडला, की प्रत्येक जोडणीला साखळी थोडी वळते आणि तिची मळसूत्री होते. सैल, आत पोकळ, पाणी शिरू देणारी. तो स्टार्च. बीटा रूपातला पहिला कार्बन तसाच जोडला, की प्रत्येक पुढचे ग्लुकोज आधीच्याच्या तुलनेत उलटे बसते, वळणे एकमेकांना फेडतात आणि साखळी सरळ पट्टीसारखी होते. सरळ पट्ट्या एकमेकींना लागून बसतात, हायड्रोजन बंधांनी जखडल्या जातात आणि मध्ये पाण्याला वाव उरत नाही. ते सेल्युलोज. दोन्हींतले अणू तेच आहेत, सूत्रही तेच आहे.

हा फरक घरी पाहता येतो. भाकरीच्या पिठात आधणाचे पाणी घातले की पीठ चिकट होते आणि थापता येते. ज्वारीत गव्हासारखे ग्लूटेन नसते; चिकटपणा येतो तो गरम पाण्याने फुगलेल्या स्टार्चच्या कणांमुळे. कापूस, जो जवळजवळ निव्वळ सेल्युलोज आहे, तासभर उकळला तरी कापूसच राहतो. औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणा आणि एक थेंब भाकरीच्या तुकड्यावर, एक थेंब कापसाच्या बोळ्यावर टाका. भाकरीवर तो निळा-काळा होतो, कारण आयोडीनचे अणू मळसूत्रीच्या पोकळीत ओळीने बसतात. एका वळणात साधारण सहा ग्लुकोज येतात आणि ती पोकळी आयोडीनला बरोबर पुरते. कापसावर थेंब पिवळसर तपकिरीच राहतो, कारण त्या सरळ पट्टीत आयोडीनला बसायला पोकळीच नसते.

आपल्या लाळेतले आणि आतड्यातले विकर (एन्झाइम) अल्फा जोडणीच्या आकाराला बसणारे आहेत. बीटा जोडणी त्यांच्या खोबणीत बसत नाही. बैलाच्या स्वतःच्या पेशींनाही सेल्युलोज फोडणारे विकर बनवता येत नाहीत, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव ते काम करतात. म्हणजे कडबा बैल खातो खरा, पण पचवतात दुसरेच. वाळवीचीही बरीचशी हीच गोष्ट आहे.

दिशेचाच मुद्दा दुहेरी बंधात वेगळ्या रीतीने येतो. एकेरी बंधाभोवती रेणूचे दोन भाग सहज फिरतात. इथेनमध्ये त्यासाठी फक्त १२ किलोज्यूल लागतात आणि नेहमीच्या तापमानाला ते कुणालाही परवडतात. कार्बन–कार्बन दुहेरी बंधाभोवती फिरायचे तर त्यातला एक बंध तोडावाच लागतो आणि खर्च अडीचशे किलोज्यूलच्या वर जातो. म्हणून दुहेरी बंध साखळीतला पक्का सांधा ठरतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साखळी एकाच अंगाला वळली की विरुद्ध अंगांना, हे कायम राहते. आपल्याकडच्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्लाचे प्रमाण फार मोठे असते. त्याच्या १८ कार्बनच्या साखळीत असे दोन दुहेरी बंध असतात आणि दोन्हींजवळ साखळी एकाच अंगाला मुडपते. मुडपलेल्या साखळ्या एकमेकींशेजारी नीट रचता येत नाहीत, म्हणून थंडीतही हे तेल पातळच राहते. तितक्याच कार्बनचे, पण एकही दुहेरी बंध नसलेले स्टिअरिक आम्ल ६९ अंशांपर्यंत घट्ट असते. याहून बोलके उदाहरण ओलिक आम्लाचे आहे. त्यात एकच दुहेरी बंध आहे आणि ते सुमारे १३ अंशांवर वितळते. त्याच बंधाच्या बाजू विरुद्ध अंगांना केल्या, म्हणजे ट्रान्स रूप केले, की सूत्र तेच राहते पण वितळणांक ४५ अंशांच्या आसपास जातो. पेशीच्या पटलात मुडपलेली मेदाम्ले असतात ती याचसाठी. पटल थिजले तर त्यातली प्रथिने हलू शकणार नाहीत.

दुहेरी बंधाची किंमतही मोजावी लागते. लिनोलिक आम्लात दोन दुहेरी बंधांच्या मध्ये सापडलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल होतो, ऑक्सिजनला तिथे शिरकाव मिळतो आणि तेल खवट होते. वर सांगितलेली पाचर इथे ढिली असते. आपल्या डोळ्याने मात्र याच सांध्याचा उपयोग करून घेतला आहे: दृष्टिपटलातल्या रेटिनल या रेणूमध्ये अकराव्या कार्बनजवळचा मुडपलेला दुहेरी बंध प्रकाशाचा एक कण पडताच सरळ होतो, भोवतालच्या प्रथिनाला ढकलतो आणि पाहणे तिथून सुरू होते.

कार्बनच्या चार हातांना चार वेगवेगळे गट असले की आणखी एक गंमत होते: ते उजव्या आणि डाव्या तळहातासारखे दोन प्रकारे बसतात आणि एकाची दुसऱ्यावर घडी बसत नाही. लुई पाश्चरने १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असे दोन प्रकारचे स्फटिक चिमट्याने वेगळे केले होते. स्वयंपाकघरात याची साक्ष नाक देते. पुदिन्याच्या एका जातीतला कार्व्होन आणि शेपूच्या बियांतला कार्व्होन अणूंच्या आणि बंधांच्या हिशेबाने एकच आहेत, फक्त एक डावा आणि दुसरा उजवा. तरी वास इतके वेगळे की पुदिन्याच्या जागी शेपू कोणी घालणार नाही. कारण नाकातले ग्राहक रेणूही प्रथिनांचे आहेत आणि प्रथिने स्वतः एकाच हाताच्या, डाव्या, अमिनो आम्लांची बनलेली आहेत. डाव्या पायाच्या वहाणेत उजवा पाय शिरतो, पण बसत नाही.

प्रथिनांकडे आलोच आहोत, तर पेप्टाइड बंधाबद्दल थोडे सविस्तर सांगतो. दोन अमिनो आम्ले जोडताना कार्बन आणि नायट्रोजन यांच्यात जो बंध होतो, तो कागदावर एकेरी काढतात, पण शेजारच्या ऑक्सिजनमुळे त्यात दुहेरीपणा उतरतो. त्याची लांबी नेहमीच्या १.४७ अँगस्ट्रॉमऐवजी सुमारे १.३३ अँगस्ट्रॉम असते आणि त्याभोवती रेणू फिरत नाही. त्यामुळे प्रथिनाची साखळी म्हणजे सपाट पत्र्यांची माळ होते, आणि दोन पत्र्यांमधल्या एका चतुष्फलकीय कार्बनपाशीच तिला वळता येते. दोन्ही बाजूंचे कोन मिळून कोणती वळणे शक्य आहेत आणि कोणत्या वळणांत अणू अणूवर आदळतात, याचा नकाशा जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध केला. आजही जगात कुठेही प्रथिनाची रचना ठरवली की ती रामचंद्रन आलेखावर तपासली जाते. एका कार्बनचा कोन आणि एका बंधाचा ताठपणा, एवढ्यावर प्रथिनाची घडी किती मर्यादेत राहते, हे त्या आलेखात एका नजरेत दिसते.

पैठणीचे रेशीम हे प्रथिन आहे आणि धोतराचा कापूस हे सेल्युलोज. दोन्ही धागे कार्बनच्या सांगाड्याचेच, पण सांधे वेगळे. कापसातला सांधा ग्लुकोज–ऑक्सिजन–ग्लुकोज असा आहे. तो अल्कलीला दाद देत नाही, पण तीव्र आम्लात तुटतो. रेशमातला पेप्टाइड सांधा तीव्र अल्कलीने तुटतो. म्हणून पैठणीला धुण्याचा सोडा लावत नाहीत आणि सुती कपड्याला तो चालतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सौम्य गंधकाम्लाचे दोन थेंब माझ्या सुती पँटवर उडाले; मी ते पुसले आणि विसरलो. आम्ल सौम्य होते, पण वाळताना पाणी उडून जाते आणि आम्ल मागे राहून तीव्र होत जाते, हे तेव्हा ध्यानात आले नाही. पुढच्या धुण्यात त्या जागी दोन भोके पडली. सेल्युलोजचे सांधे आम्लाने केव्हाच कापले होते, कापड फक्त पाण्याची वाट पाहत होते. त्यानंतर हा धडा मी पँटवरूनच शिकवला.

एवढे टिकाऊ बंध पेशी मग तोडते कशी, हा पुढचा प्रश्न साहजिक आहे. तटस्थ पाण्यात, नेहमीच्या तापमानाला पेप्टाइड बंध आपोआप निम्मे तुटायला शेकडो वर्षे लागतात. आपले पोट ते काही तासांत करते. विकर बंध कमकुवत करत नाहीत, उंबरठा खाली आणतात, आणि त्यांना आधार मिळतो तो कार्बन–ऑक्सिजन दुहेरी बंधाचा, म्हणजे कार्बोनिलचा. तिथे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, कार्बन उघडा पडतो, आणि मघाशी न मिळालेली हात ठेवायची जागा आता मिळते. कार्बन–कार्बन बंध तोडायचा झाला तरी पेशी तो वाटेल तिथे तोडत नाही. ग्लुकोज जाळण्याच्या वाटेवर सहा कार्बनच्या साखळीचे तीन-तीनचे दोन तुकडे होतात, त्यासाठी आधी ग्लुकोजचे रूपांतर फ्रुक्टोजच्या एका फॉस्फेटयुक्त रूपात केले जाते. यामुळे कार्बोनिल पहिल्या कार्बनवरून दुसऱ्यावर सरकतो, आणि त्याच्यापासून एक घर सोडून असलेला, तिसऱ्या-चौथ्यामधला बंध सैल होतो. तिथेच अल्डोलेज विकराची कात्री चालते. कार्बोनिल सरकवला नसता तर तुकडे दोन आणि चारचे झाले असते. ही पायरी विद्यार्थी पाठ करतात. ती का आहे हे कळले तर पाठ करावी लागणार नाही.

तिहेरी बंध सजीवांत तुलनेने कमी, पण ज्वारी पिकवणाऱ्याला एक ठाऊक असलेला बरा. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत, विशेषतः पाण्याचा ताण पडलेल्या पिकात, धुरिन नावाचे संयुग असते. पान चावले गेले की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो, ज्यात कार्बन आणि नायट्रोजन तिहेरी बंधाने जोडलेले असतात. तो पेशींच्या श्वसनातल्या लोहाला चिकटतो आणि जनावर काही वेळातच कोसळते. पीक मोठे झाले की हे प्रमाण उतरते, म्हणून कोवळ्या ज्वारीत जनावरे सोडू नयेत असे जुने लोक बजावत असत.

शेवटी सिलिकॉनवर अन्याय नको. वनस्पतींना तो मिळत नाही असे नाही. आपली काळी माती सिलिकॉनयुक्त खनिजांचीच आहे, आणि ज्वारी व ऊस मुळांवाटे सिलिका भरपूर उचलतात. पण ती कोणत्याही साखळीत किंवा विकरात जात नाही. पानाच्या कडेला बारीक काचेसारख्या कणांच्या रूपात बसते. उसाच्या फडात हात-पाय चिरतात, त्याला या कणांचाही हातभार असतो. वनस्पतीने सिलिकॉन बांधावरच्या काटेरी कुंपणाला लावला आणि घर कार्बनचे बांधले. सिलिकॉन–कार्बन बंध निसर्गातल्या कोणत्याही जीवात घडताना आढळलेला नाही, तरी २०१६ मध्ये फ्रान्सिस अरनॉल्ड यांच्या प्रयोगशाळेने एका जिवाणूच्या प्रथिनात थोडे फेरफार करून ते प्रथिन हा बंध घडवू शकते हे दाखवले. म्हणजे जिवाच्या यंत्रणेला सिलिकॉन हाताळणे अशक्य नाही. पाण्या-हवेच्या जगात त्याच्या साखळ्या टिकवणे मात्र परवडणारे नाही.

परीक्षेत पहिल्या प्रश्नाला ‘चतुःसंयुजी’ हा शब्द लिहाच, गुण त्याला असतात. सुट्टीत गावी गेलात आणि हुरड्याचे दिवस असले तर एक करून पाहा. कोवळ्या दुधाळ हुरड्याचा दाणा, थोडा निबर झालेला दाणा आणि मागच्या वर्षीची वाळलेली ज्वारी, तिन्ही ठेचून प्रत्येकावर आयोडीनचा एकेक थेंब टाका. कोवळा हुरडा गोड लागतो आणि वाळलेली ज्वारी लागत नाही, हे जिभेला माहीतच आहे. रंग कुठे किती गडद येतो, ते मला कळवा.